अर्ध्या वाटेवर थांबणारा घास

बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात पितरपाखात मेलेल्याला जेवू घालायचं तर नुसता कावळा येऊन भागत नाही, एक जिवंत पोट लागतं. घराबाहेरचा, मेलेल्याच्या साधारण वयाचा माणूस बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं आणि मेलेल्याच्या नावानं त्याच्यापुढे ताट वाढायचं. त्या ताटापुरता तो माणूस पितर. त्यानं बोलायचं नाही, काही मागायचं नाही, पानात टाकायचं नाही. शेवटी त्यानं ढेकर दिली की घरातल्या बायका पदरानं डोळे टिपतात, कारण ती ढेकर त्याची नसते. हे खरं की खोटं असं विचारणारे शहाणे बुऱ्हाणपुरात पुष्कळ आहेत. त्यांच्याही घरी तिथीला ताट वाढलं जातं.

या कामाला यादवभाऊंसारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. पंचावन्नच्या घरातले, उंच, हाडापेरानं मजबूत आणि अतिशय कमी बोलणारे. वर्षभर ते भाईदासशेठच्या केळी पकवायच्या चेंबरात काम करायचे. कच्ची केळी कॅरेटांत भरून त्या थंड, बंद खोलीत लावायची, गॅस सोडायचा, आणि चौथ्या दिवशी दार उघडून नुसत्या वासावरून सांगायचं की माल पिकून निघाला की नाही, आणि कधीमधी ट्रकाबरोबर माल पोचवायला जायचं. पितरपाख लागला की मात्र शेठच त्यांना सुट्टी द्यायचे, कारण पंधरा दिवसांत दहा-बारा घरांची बोलावणी ठरलेली असायची. म्हाताऱ्याच्या ताटाला वय एवढं कोणी बघत नाही, म्हणून शेठच्या वडिलांच्या तिथीलाही तेच बसायचे.

गावाला त्यांचं जेवणं फार आवडायचं. दोन घास खायचे, घोटभर पाणी प्यायचे, छातीच्या खाली हात दाबून डोळे मिटायचे आणि थांबायचे. मग पुढचा घास. बघणाऱ्यांना वाटायचं, आत कोणीतरी येऊन जेवतंय आणि यादवभाऊ त्याला जागा करून देताहेत. यादवभाऊंना स्वतःला एवढंच ठाऊक होतं की घास छातीच्या तळाशी अडतो आणि पाण्यानं ढकलला की उतरतो. पण माणसाच्या कोणत्या दोषाला गाव कधी गुण म्हणेल, सांगता येत नाही. हे पंधरा वर्षं चाललं, आणि यादवभाऊंनी ते कोणाला सांगण्यासारखं मानलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात त्यांचा मुलगा पंकज गेला. सव्वीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. केळीच्या ट्रकाबरोबर निघाला होता, निंबोल्याच्या अलीकडच्या वळणावर ट्रक उलटला. पंकजच्या मागे आईबाप आणि बुऱ्हाणपुरात शाळेवर शिकवणारी त्याची थोरली बहीण ज्योत्स्ना, एवढेच उरले. मग पितरपाख आला. अपघातात गेलेल्याची तिथी चौदस, आणि चौदशीला बसायला सव्वीसच्या आसपासचा मुलगा हवा. इथे घोडं अडलं. म्हाताऱ्याच्या नावानं जेवायला गाव रांग लावतं, पण अर्ध्यावर गेलेल्या, बिनलग्नाच्या पोराच्या ताटावर कोणती आई आपलं पोर बसू देईल? तो उठतच नाही म्हणतात, खाणाऱ्याच्या अंगावर राहतो. पंकजच्या दोस्तानं, धर्मेंद्रनं, येतो म्हणून शब्द दिला होता. चौदशीला दुपारी बारा वाजता त्याच्या आईचा निरोप आला की त्याला ताप आहे. त्या माउलीला दोष देण्यात अर्थ नाही. गोदाबाईंनीही, म्हणजे पंकजच्या आईनंही, उलट वेळ असती तर हेच केलं असतं, आणि हे त्या स्वतः कबूल करतात.

ताट वाढलेलं होतं. खीर, वडे, कढी, गिलक्याची म्हणजे घोसाळ्याची भजी, आणि पंकजला फार आवडायचा म्हणून बुऱ्हाणपुराहून मुद्दाम आणलेला दराबा, तिथली रव्या-तुपाची मिठाई. दोन वाजले. खिरीवर साय धरली. गोदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि रस्त्यावर कोणी येत नव्हतं. तेव्हा यादवभाऊ उठले, आपले पाय आपणच धुतले आणि लेकाच्या ताटावर जाऊन बसले.

भाईदासशेठ तिथेच होते. ते घाबरून म्हणाले, "यादवभाऊ, उठा तिथून. घरचा माणूस पितर बसत नसते. अन् बापाच्या पोटात पोराचा वाटा जात नाही हो, तो मधीच राहते."

यादवभाऊंनी नेम मोडला नाही, म्हणजे उत्तर दिलं नाही. त्यांनी सगळं ताट संपवलं. पण ढेकर आली नाही. गोदाबाई पदर हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग ताट उचलून आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी यादवभाऊ जेवण करून जरा आडवे झाले. कुशीवर वळले, आणि तोंडात काहीतरी आलं. उलटी नव्हती. मळमळ नाही, आंबट नाही, कळ नाही, नुसतं आलं, कोणी हातानं ठेवावं तसं. त्यांनी ते तळहातावर काढून पाहिलं. गिलक्याचं काप होतं. त्याच्या कडेचं बेसनसुद्धा तसंच होतं. त्या दिवशी घरात गिलकं नव्हतं, आदल्या दिवशी नव्हतं. चौदशीला होतं.

उलटी आंबट असते हे लहान पोरालाही कळतं. पोटात गेलेलं आंबट होऊनच परततं. म्हणजे हे पोटात गेलंच नव्हतं. तीन दिवस ते आत कुठेतरी, पोटाच्या वर आणि घशाच्या खाली, कोणाजवळ तरी होतं. भाईदासशेठचे शब्द यादवभाऊंना आठवले आणि भर दुपारी त्यांना भीती वाटली. त्यांनी ते काप मुठीत घेऊन परसात नेलं, केळीच्या बुडाशी पुरलं आणि गोदाबाईंना काही सांगितलं नाही.

मग आवाज सुरू झाला. चेंबरात वाकून कॅरेट उचललं की छातीत, उजव्या अंगाला, गुडगुडायचं. बंद दाराआड कोणी बोलत असावं, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, तसं. चेंबरात यंत्राची घरघर सोडली तर दुसरा आवाज नसतो, आणि दार लावल्यावर बाहेरचं काही आत येत नाही. यादवभाऊ दोन रांगांच्या मध्ये उभे राहून ऐकायचे. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "पंकज, तू हाय का रे?" आणि पाण्याचा घोट घेतला. छातीतून लांब, दबका गुडगुडाट आला आणि थांबला.

त्या दिवसापासून त्यांची भीती गेली. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं यातून आलं. ज्याचं पोर गेलंय त्याला भुताची भीती वाटत नाही, भूत नसेल याची वाटते. यादवभाऊंना वाटलं, लेक गेला नाही. भुकेला आहे, पण जवळ आहे. मग ते त्याच्यासाठी जेवू लागले. कळण्याची भाकरी, ठेचा, शनिवारी बुऱ्हाणपुराहून पावशेर दराबा. अर्धं खाली जायचं, अर्धं मध्येच राहायचं, आणि जे मध्ये राहायचं ते त्याचं. एक-दोन दिवसांनी त्यातलं काही परत आलं की म्हणायचे, पोट भरलं असेल त्याचं. साधी डाळ-भाकरीही परत यायची. त्याचंही उत्तर त्यांच्याजवळ होतं. पंकजला पहिल्यापासून डाळ आवडत नव्हती.

वर्षभरात त्यांचं चौदा किलो वजन उतरलं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. आणि तोंडाला वास यायला लागला, दोन दिवस झाकून ठेवलेल्या अन्नाचा. ज्या माणसाची भाकरी नाकावर चालते, त्याला स्वतःचा वास कळत नव्हता. पुढच्या पितरपाखात त्यांना एकाही घरानं बोलावलं नाही. पाठीमागे बायका म्हणायच्या, "त्याइच्यात आधीच कोणी जेवून राह्यलं. आपला माणूस कुठी बसवता?" पुढे पुढे समोरून येणारी माणसं दुसऱ्या बोळानं जाऊ लागली. चेंबरातली पोरं दार उघडं ठेवून काम करू लागली, केळी बिघडली तरी चालतील म्हणून.

ज्योत्स्ना दर रविवारी यायची. यंदा होळीनंतर ती आली तेव्हा बापाला ताप होता आणि खोकला थांबत नव्हता. खोकताना उशीवर भाताची शितं पडली होती. ती पाहून तिनं तिथल्या तिथे गाडी बोलावली. "बाबा, ये क्या लावलंय तुम्ही? सालभर से सुनतेय, उद्या जातो, परवा जातो. आता मी काही ऐकणार नाही."

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. काळजाच्या मागे एक गोल सावली होती आणि तिच्यात पाण्याची आडवी रेघ दिसत होती. खाल्लेलं झोपेत श्वासनळीत उतरून फुप्फुसाला सूज आली होती. ती औषधांनी उतरवून डॉक्टरांनी त्यांना जळगावला पाठवलं.

जळगावच्या दवाखान्यात यादवभाऊंना एका यंत्रासमोर उभं करून चुन्यासारखा पांढरा, घट्ट रस प्यायला दिला. बाजूला पडदा होता, त्यावर त्यांचीच छाती दिसत होती. रस उतरताना दिसला. पोटाच्या तोंडाशी आला आणि अडला. तिथून अन्ननळी चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती. मग तो रस मागे सरला, उजवीकडे वळला आणि एका पिशवीत पडायला लागला. पेरूएवढी पिशवी, नळीच्या अंगाला लोंबत असलेली. तळाशी पांढरं साचलं, वर काळं राहिलं, आणि त्या पांढऱ्यात काहीतरी होतं. यादवभाऊंना ते गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसल्यासारखं दिसलं.

"काका, हलू नका," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

यादवभाऊ हलले नव्हते. पडद्यावरचं ते एकदा वर उठलं, आणि परत बसलं.

मग नाकातून एक बारीक नळी आत घालून पाण्याचे घोट गिळायला लावले आणि कुठे किती दाब पडतो ते मोजलं. दुसऱ्या दिवशी सर्जन चारुलताबाईंनी यादवभाऊ, गोदाबाई आणि ज्योत्स्ना, तिघांना समोर बसवलं. बाई वयानं ज्योत्स्नाएवढ्याच, पण घाई नसलेल्या.

"सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते, पाहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "हे तसं आहे. अन्ननळीच्या खालच्या टोकाला स्नायूचं एक दार असतं. घास आला की ते ढिलं पडायला हवं. तुमचं पडत नाही. वरून नळी जोर करते, खाली दार बंद. मग दाबानं आतलं अस्तर स्नायूच्या फटीतून बाहेर ढकललं जातं, आणि त्याची अशी पिशवी होते. खाल्लेलं तिच्यात साचतं, कुजतं, आडवं झालं की तोंडात येतं."

"अन् तो आवाज?" यादवभाऊंनी विचारलं.

"हवा आणि पाणी एकत्र हलतं त्याचा."

यादवभाऊंनी मान हलवली. शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, ही त्यांची जुनी रीत.

"पोटाला चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं ऑपरेशन करू," बाई पुढे म्हणाल्या. "पिशवी तिच्या तोंडाशी शिवून कापून काढायची. पण नुसती ती काढून उपयोग नाही. खालचं दार बंदच राहिलं तर दाबानं टाका उसवतो. म्हणून नळीच्या दुसऱ्या अंगानं त्या दाराचा स्नायू उभा चिरून ढिला करायचा, थेट जठराच्या सुरुवातीपर्यंत. आणि मग आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा थोडा भाग त्याच्याभोवती गुंडाळायचा. धोका नाही असं म्हणणार नाही. टाका गळू शकतो. पण असंच ठेवलं तर पुन्हा फुप्फुसात जाईल, आणि दर वेळी औषधं धावून येणार नाहीत. वर्ष काढाल की नाही, मला सांगता येत नाही. घास अडायला किती वर्षं झाली?"

"दोन," यादवभाऊ म्हणाले. "पोरगं गेलं तवापासून."

"पंधरा झाले," गोदाबाई म्हणाल्या. "पंकजचे बाबा, मी वाढते ना. पंधरा वर्षं पाहून राहिली मी, पाण्याबिगर तुमचा घास उतरत नाही."

"मग पिशवी तेव्हापासूनच हळूहळू वाढत असणार," बाई म्हणाल्या. "एका दिवसात होत नाही ती."

परतीच्या गाडीत यादवभाऊ खिडकीशी बसून होते. ज्योत्स्नाला वाटलं, ते ऑपरेशनला घाबरले. ते मनात नावं घेत होते. पंधरा वर्षांत ते ज्यांच्या ज्यांच्या ताटावर बसले त्यांची. भाईदासशेठचे वडील, शाळेचे जुने शिपाई, दापोऱ्याचे दोघे भाऊ. पिशवी जर आधीपासून होती, तर पंकज यायच्या आधी तिच्यात कोण बसलं होतं? आणि ते उठून गेले होते का? की लेकाला त्या म्हाताऱ्यांच्या दाटीत, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतंय? भुसावळला गाडी थांबली तेव्हा ते पाणी प्यायले आणि गुडगुडाट आला. या खेपेला तो त्यांना एकाचा वाटला नाही.

घरी आल्यावर त्यांनी एका वाक्यात सांगितलं की ऑपरेशन करायचं नाही.

ज्योत्स्नानं समजावलं, रडली, भांडली. गोदाबाईंनी तर रोज हेच लावून धरलं, कापून टाका. भाईदासशेठ येऊन गेले. चौदशीला आपण जे बोललो ते या माणसानं एवढं मनावर घेतलंय, हे त्यांना माहीतही नव्हतं. यादवभाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, गोदाबाईंनाही नाही. सांगणार तरी काय? की पोराला कापून कचऱ्यात टाकू द्यायचं नाही? जळगावहून निघताना त्यांनी चारुलताबाईंना एकटं गाठून विचारलं होतं, काढल्यावर ती पिशवी कुठे ठेवता. तपासायला पाठवतो, बाई म्हणाल्या होत्या. आणि नंतर? नंतर जाळतात. एकदा जाळलेल्याला पुन्हा जाळायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

असे आठ दिवस गेले. ताप पुन्हा अंगात भरू लागला होता. नवव्या दिवशी दुपारी ते उशा रचून टेकून पडले होते, डोळे मिटलेले, पण झोप नव्हती. गोदाबाई भांडी आटोपून आल्या. पदराला हात पुसत बाजेशी बसल्या, नवऱ्याच्या श्वासाचा अंदाज घेतला, आणि हळूच वाकून त्यांच्या छातीच्या उजव्या अंगाला कान लावला. सरावानं लावला. कान नेमका कुठे ठेवायचा ते त्यांना ठाऊक होतं.

यादवभाऊंनी श्वास रोखला. आत गुडगुडलं.

"जेवला का रे राजा," गोदाबाई पुटपुटल्या.

यादवभाऊंनी डोळे उघडले. गोदाबाई दचकल्या नाहीत, कान तसाच ठेवून पडून राहिल्या. मग उठून बसल्या.

"कवापासून?" यादवभाऊंनी विचारलं.

"तुम्ही गिलकं पुरलं ना परसात, दुसऱ्या दिवशी मी उकरलं. तवापासून. तुमचा डोळा लागला की मी येते." त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. "तुम्ही त्याले दिवसभर घेऊन हिंडता. मले हे दुपारचं तेवढं भेटते."

यादवभाऊंना राग यावा की रडू यावं, कळेना. दीड वर्ष एका घरात, एका लेकाला, एकमेकांपासून लपवून दोघं भेटत होते. "मग तू काऊन म्हणतेस कापा म्हणून?" ते म्हणाले. "सगळ्यात जास्त तूच म्हणून राहिली."

"त्यालेच इचारलं मी," गोदाबाई म्हणाल्या. "रोज इचारलं. म्हटलं, पंकज, तुझा बाप मरून राहिला रे, काय करू? आठ दिवस इचारलं. एकदाबी बोलला नाही. नुसता वाजते." आता त्या नवऱ्याकडे वळल्या. "आपला पंकज असता, तर बाप मरतो म्हटल्यावर गप बसला असता का?"

 पंकज गप बसला नसता. ट्रकाबरोबर तो निघाला होता तोही बापाला बरं नव्हतं म्हणून, बापाच्या जागी. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोन वर्षांत दोघांपैकी कोणीही ते उच्चारलं नव्हतं. गोदाबाईंनी ते त्या दिवशीही उच्चारलं नाही. त्या रडल्या, आणि यादवभाऊही रडले, आणि रडताना छातीत गुडगुडत होतं, पण त्या वेळी दोघांपैकी कोणी तिकडे लक्ष दिलं नाही.

ऑपरेशनच्या आधी चार दिवस फक्त पातळ घ्यायचं होतं. पिशवी रिकामी हवी, नाहीतर भूल देताना आतलं फुप्फुसात जातं, असं चारुलताबाईंनी बजावलं होतं. ताकाचं पाणी, शहाळं, गाळलेलं वरण. यादवभाऊंना हेच सगळ्यात जड गेलं. ऑपरेशनला ते तयार झाले होते, पण पोराला चार दिवस उपाशी ठेवायचं, आणि शेवटच्या चार दिवसांत? तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी गोदाबाईंजवळ दराबा मागितला. एक बोटभर, नुसता जिभेला. थैलीत बांधून आणलेला होता, कारण त्याही तेच मनात धरून आल्या होत्या. त्यांनी पुडी हातात घेतली, उठल्या आणि ती बाहेर कुत्र्यापुढे ठेवून आल्या.

चौथ्या दिवशी नळी घालून आत उरलंसुरलं ओढून काढलं. काचेच्या भांड्यात गढूळ पाणी आलं आणि तळाशी दोन-तीन दाणे. यादवभाऊंनी मान वळवून पाहिलं. ज्वारीच्या भाकरीचे कण असतील, नाहीतर दुसरं काही. त्यांनी विचारलं नाही. नर्सनं भांडं उचलून नेलं आणि तिचा पाय दाराबाहेर पडेपर्यंत यादवभाऊ तिकडे पाहत राहिले.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. बाहेर बाकावर ज्योत्स्ना मोबाइलमध्ये काहीबाही वाचत होती आणि गोदाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चारुलताबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, सगळं नीट झालं. पिशवी निघाली, दारही मोकळं केलं. गोदाबाईंनी विचारलं, "त्याच्यात काही होतं का हो बाई?"

"काही नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "रिकामी होती."

पाच दिवस यादवभाऊंच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. सलाइनवर होते. ते डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर वळून बघायचे. तोंडात काही यायचं नाही, आवाज यायचा नाही. भूल उतरल्यावर माणसाला दुखतं, पण यादवभाऊ दुखतं म्हणून कधी बोलले नाहीत. नर्सला ते एकच विचारायचे, मला नीट ऐकू येतंय ना. सहाव्या दिवशी परत त्या यंत्रासमोर उभं केलं आणि पाण्यासारखं पातळ औषध प्यायला दिलं. पडद्यावर ते घशातून उतरलं, कुठे वळलं नाही, थांबलं नाही, थेट खाली गेलं. उजव्या अंगाला काही नव्हतं. "एक बार और," यादवभाऊ त्या माणसाला म्हणाले. त्यानं आणखी एक घोट दिला. तोही तसाच गेला.

दुपारी चारुलताबाईंनी पातळ वरणाचं पाणी द्यायला सांगितलं. ज्योत्स्ना औषधं आणायला खाली गेली होती. गोदाबाईंनी वाटी घेतली, चमचा भरला, फुंकर घातली आणि नवऱ्याच्या ओठांना लावला. यादवभाऊंनी गिळलं. सवयीनं त्यांचा हात छातीखाली गेला, डोळे मिटले, आणि ते थांबले. पंधरा वर्षं जिथे थांबायचं तिथे काही थांबलं नाही. ते तरी वाट बघत राहिले. गोदाबाईही चमचा धरून वाट बघत राहिल्या.

"सरळ गेलं," शेवटी यादवभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "मधी कोणी घेतलं नाही, गोदे."

गोदाबाईंनी पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. चमचा पुन्हा भरला.

"हा तुमचा हाय," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा."